चपट्या फिलरने पॉलिमरची झिरप कशी रोखावी: हिशोब, मिश्रण, चाचणी

नायलॉनमध्ये तीन टक्के नॅनोक्ले (अतिपातळ पापुद्र्यांची खनिज माती) फिलर म्हणून, म्हणजे भरण म्हणून, घालूनही ऑक्सिजनची झिरप जेमतेम दहा टक्केच कमी झाली, तर बहुतेक जण क्लेचं प्रमाण वाढवायला निघतात. त्याने मिश्रण घट्ट होतं, फिल्म ठिसूळ होते आणि झिरप फारशी हलत नाही. अडचण बहुधा प्रमाणात नसतेच. तयार फिल्ममध्ये पापुद्रे किती सुटे झालेत, किती आडवे पडलेत आणि त्यांच्या कडेला पोकळ्या राहिल्यात का, यावर सगळं ठरतं. पोत्यावर छापलेला आस्पेक्ट रेशो (पापुद्र्याची रुंदी भागिले जाडी) आणि फिल्ममध्ये शिल्लक राहिलेला आस्पेक्ट रेशो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम करतो तो दुसरा, आणि तो मोजता येतो.

झिरप होते कशी

वायूचा रेणू आधी पॉलिमरच्या पृष्ठभागात विरघळतो, मग साखळ्यांमधल्या मोकळ्या जागांतून सरकत पलीकडे निघतो. म्हणून पार्यता (वायू किती सहज आरपार जातो) म्हणजे विसरण गुणांक (तो किती वेगाने सरकतो) गुणिले विद्राव्यता (तो किती विरघळतो). ही वाट फक्त अस्फटिकी, म्हणजे साखळ्या अस्ताव्यस्त असलेल्या, भागातून जाते. स्फटिकी भाग आणि खनिज फिलर, दोन्ही जवळपास बंद दारं.

फिलर दोन प्रकारे अडवतो. तो पॉलिमरची जागा घेतो, त्यामुळे वायू विरघळायला माल कमी उरतो. हा फायदा लहान आहे आणि कुठल्याही आकाराच्या कणाने मिळतो. दुसरा फायदा वाट लांबवण्याचा, आणि तिथे चपटा कण गोल कणाला मैलभर मागे टाकतो. गोल कणाला रेणू सहज वळसा घालतो. आडव्या पापुद्र्याला मात्र कडेपर्यंत जाऊनच ओलांडावं लागतं, आणि लगेच खाली पुढचा पापुद्रा असतो.

आधी कागदावर हिशोब करा

संशोधक नील्सन यांनी १९६७ मध्ये मांडलेलं सूत्र सुरुवातीला पुरेसं आहे:

झ = (१ − फ) ÷ (१ + अ × फ ÷ २)

झ म्हणजे मिश्रणाची पार्यता भागिले कोऱ्या पॉलिमरची पार्यता. फ हा फिलरचा आकारमान-अंश. अ म्हणजे पापुद्र्याची रुंदी भागिले जाडी. सगळे पापुद्रे फिल्मला समांतर आहेत आणि पॉलिमर त्यांना घट्ट चिकटलंय, असं हे सूत्र धरून चालतं. त्यामुळे विरळ मिश्रणात येणारं उत्तर आदर्श समजा. अ × फ हा गुणाकार १ च्या बराच वर गेला की पापुद्रे एकमेकांवर मोठ्या प्रमाणात झाकले जातात. तिथे कसलर यांचं १९८८ चं सूत्र, ज्यात हाच गुणाकार वर्गात येतो, जास्त जवळ जातं.

यात वजनाचे टक्के घालू नका, ही चूक सर्रास होते. आकारमान-अंश असा काढा: फिलरचं वजन त्याच्या घनतेने भागा, पॉलिमरचं वजन त्याच्या घनतेने भागा आणि पहिल्या आकड्याला दोन्हींच्या बेरजेने भागा. घनता प्रति घन सेंमी ग्रॅममध्ये अशी धरा: मॉन्टमोरिलोनाइट (नॅनोक्लेमधलं खनिज) आणि अभ्रक २.८, टाल्क २.७५, कॅल्शियम कार्बोनेट २.७, काचेचे फ्लेक २.५, नायलॉन-६ १.१३, पॉलिप्रॉपिलीन ०.९०५.

| मिश्रण | फ | अ | झ |
|---|---|---|---|
| पॉलिप्रॉपिलीन + ३०% कॅल्शियम कार्बोनेट | ०.१२६ | गोल कण | ०.८२ |
| पॉलिप्रॉपिलीन + ३०% टाल्क | ०.१२४ | १० | ०.५४ |
| तेच, टाल्क तुटल्यावर | ०.१२४ | ५ | ०.६७ |
| पॉलिप्रॉपिलीन + ३०% अभ्रक | ०.१२२ | ४० | ०.२६ |
| नायलॉन-६ + ३% क्ले, चांगली सुटलेली | ०.०१२३ | १०० | ०.६१ |
| तेच, पापुद्र्यांच्या थप्प्या तशाच राहिलेल्या | ०.०१२३ | १६ | ०.९० |

शेवटच्या दोन ओळींत क्ले तीच आणि प्रमाणही तेच आहे. एकीत झिरप ३९ टक्क्यांनी घटते, दुसरीत दहाने.

ऑरगॅनोक्लेच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. ही पॉलिमरशी जुळावी म्हणून प्रक्रिया केलेली क्ले, तिच्या थरांमध्ये अमोनियम क्षार असतात. ते बऱ्याच ग्रेडमध्ये वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास जातात. म्हणजे १०० ग्रॅम ऑरगॅनोक्लेमध्ये खनिज ७० ग्रॅमच. वरचे तीन टक्के हे खनिजाचे आहेत. ते गाठायला ३ ÷ ०.७, म्हणजे ४.३ टक्के ऑरगॅनोक्ले लागते. नेमका आकडा पुरवठादाराच्या कागदावरच्या जाळल्यानंतरच्या घटीतून घ्या, आणि जमल्यास स्वतः जाळून पाहा.

फिलर निवडताना

टाल्क स्वस्त आणि मऊ. आस्पेक्ट रेशो साधारण ५ ते २०. जाड भिंतीच्या वस्तूत, जिथे कडकपणाही हवा असतो, तिथे तो बरा. अभ्रक जास्त पसरट असतं, पण त्यात ओलं दळलेलं आणि कोरडं दळलेलं असा भेद आहे. ओल्या दळणात पापुद्रे सरकून सुटतात, कोरड्यात ते जास्त तुटतात. बॅरियरसाठी, म्हणजे झिरप रोखण्यासाठी, ओलं दळलेलंच मागवा.

मॉन्टमोरिलोनाइटचा एक थर सुमारे १ नॅनोमीटर जाड आणि शंभर ते काही शे नॅनोमीटर रुंद असतो. कागदावर याला तोड नाही. टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नायलॉन-६ मध्ये तो पसरवून दाखवला, तेव्हापासून सगळा उद्योग त्याच्या मागे लागला. पण त्यांनी थरांमध्ये मोनोमर शिरवून तिथेच पॉलिमर घडवला होता. वितळलेल्या नायलॉनमध्ये क्ले मिसळणं हे त्याहून अवघड काम आहे, हे बऱ्याचदा विसरलं जातं.

व्हर्मिक्युलाइट या खनिजाचे पापुद्रे आणखी रुंद असतात. पाण्यात सुटे करून रबराच्या लॅटेक्समध्ये मिसळले तर एक्स्ट्रूडरच्या (पॉलिमर वितळवून मिसळणाऱ्या यंत्राच्या) स्क्रूचा मार बसत नाही आणि रुंदी टिकते. विल्सनच्या डबल कोअर टेनिस बॉलच्या आतला हवा रोखणारा लेप ब्यूटिल रबर आणि व्हर्मिक्युलाइटचाच होता. तुमचं काम लेपावर भागत असेल तर एक्स्ट्रूडरच्या वाटेला जाऊच नका, असा आमचा स्पष्ट कल आहे.

रासायनिक टाक्या आणि समुद्रातली बांधकामं यांसाठी काचेचे फ्लेक. अ‍ॅल्युमिनियमचे फ्लेकही चांगले, पण पाण्यावर आधारित किंवा अल्कलीयुक्त लेपात ते हायड्रोजन सोडतात आणि डबा फुगतो.

नायलॉन-६ आणि क्लेची फिल्म: १० किलोची घाणी

लक्ष्य तीन टक्के खनिज. ऑरगॅनोक्ले ४३० ग्रॅम.

वाळवणी आधी. नायलॉन ८० अंशांवर व्हॅक्यूममध्ये किंवा कोरड्या हवेच्या ड्रायरमध्ये, ओलावा ०.१ टक्क्याच्या खाली येईपर्यंत ठेवा. क्लेही ८० अंशांवर रात्रभर. ओलं नायलॉन वितळताना त्याच्या साखळ्या तुटतात, चिकटपणा घसरतो आणि पापुद्रे सुटे करायला लागणारा शिअरच (थर एकमेकांवरून सरकवणारा ताण) तयार होत नाही. वाळवलेला माल उघडा ठेवू नका. नायलॉन तासाभरात पुन्हा ओलावा ओढायला लागतं.

क्ले निवडताना एका लांब शेपटीचा (कार्बनच्या साखळीचा) किंवा हायड्रॉक्सीइथाइल गट असलेला अमोनियम क्षार पाहा. नायलॉनच्या ध्रुवीय साखळ्यांना खनिजाचा पृष्ठभाग थोडा उघडा हवा असतो. पॉलिप्रॉपिलीनला उलट दोन शेपट्यांचा क्षार मानवतो.

मग मास्टरबॅच, म्हणजे नंतर पातळ करायचं दाट मिश्रण. ४३० ग्रॅम क्ले आणि १.७१ किलो नायलॉन, म्हणजे २० टक्क्यांची २.१४ किलो मास्टरबॅच. एकाच दिशेने फिरणारा ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडर, बॅरल २३० ते २४५ अंश, माल आत राहण्याचा वेळ एक ते तीन मिनिटं. अमोनियम क्षार १८० ते २०० अंशांपासूनच विघटित व्हायला लागतात, म्हणून तापमान आणि वेळ दोन्ही आटोक्यात हवेत. अमाइनसारखा वास, पिवळसर-तपकिरी दोरा आणि व्हेंटमधून धूर ही त्याची लक्षणं. पीईटीचं (बाटल्यांच्या प्लास्टिकचं) काम २७० अंशांच्या वर चालतं, त्यामुळे तिथे नेहमीची ऑरगॅनोक्ले टिकत नाही. त्यासाठी जास्त उष्णता सोसणारे इमिडॅझोलियम किंवा फॉस्फोनियम क्षार बघावे लागतात.

स्क्रूवर नीडिंग ब्लॉक (माल मळणारे भाग) मध्यमच ठेवा. थप्पी सुटते ती दोन टप्प्यांत: शिअरने मोठ्या गुठळ्या फुटतात, मग पॉलिमर थरांमध्ये शिरून एकेक पापुद्रा सरकवतं, आणि याला वेळ लागतो. सगळे डाव तीव्र शिअरवर लावले की पापुद्रे सुटण्याआधी मोडतात. वेग वाढवण्यापेक्षा मिश्रणाचा भाग लांब करणं बहुधा फळतं. अभ्रक आणि काचेच्या फ्लेकचं गणित वेगळं. ते आधीच सुटे असतात, त्यांना फक्त जपायचं असतं. म्हणून ते मुख्य हॉपरमधून नकोत, पॉलिमर पूर्ण वितळल्यानंतर साइड फीडरमधून घाला.

मास्टरबॅच पुन्हा वाळवा, ७.८६ किलो नायलॉनमध्ये मिसळा आणि दुसऱ्या फेरीत पातळ करा. ही दुसरी फेरी चुकवून मास्टरबॅच थेट फिल्म लाइनवर टाकण्याचा मोह होतो. सिंगल स्क्रूवर ती बऱ्याचदा नीट पसरत नाही आणि फिल्मवर ठिपके दिसतात.

आता तुलनेचा नमुना. नुसतं कोरं नायलॉन चालणार नाही. तेच नायलॉन त्याच मशीनमधून, त्याच तापमानाला, दोनदा फिरवलेलं हवं. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेला कंपॅटिबिलायझर (पॉलिमर आणि क्लेला जुळवून देणारं द्रव्य) घालत असाल, साधारण क्लेच्या वजनाच्या एक ते तीन पट, तर तुलनेच्या नमुन्यातही तो तितकाच घाला. नाहीतर कंपॅटिबिलायझरमुळे झालेला बदल क्लेच्या नावावर जमा होतो.

पापुद्रे आडवे पाडणं

भारद्वाज यांनी २००१ मध्ये नील्सनच्या सूत्रात दिशेचा गुणांक द घातला. अ × फ ÷ २ ला २/३ × (द + १/२) ने गुणायचं. सगळे पापुद्रे सपाट असले तर द १, कसेही विखुरलेले असले तर ०, उभे असले तर वजा १/२. उभे म्हणजे वाट लांबवण्याचा फायदा शून्य.

या सूत्रातून एक दिलासा मिळतो. सगळे पापुद्रे ३० अंशांनी कललेले असले तरी द ०.६२५ येतो आणि गुणक ०.७५. म्हणजे तीन-चतुर्थांश काम होतंच. विखुरलेल्या पापुद्र्यांत मात्र ते एक-तृतीयांशावर येतं. थोड्या कलाची चिंता करू नका, अस्ताव्यस्तपणाची करा.

फिल्म फुगवताना किंवा कास्ट करताना ओढ बसते आणि पापुद्रे आपोआप आडवे होतात. दोन्ही दिशांनी ताणलं तर आणखी. पण ताणण्याला मर्यादा आहे. पॉलिमर पापुद्र्यापासून सुटलं की कडेला भिंगाच्या आकाराच्या पोकळ्या पडतात आणि झिरप उलट वाढते. फिल्म अचानक दुधाळ दिसायला लागणं ही त्याची खूण. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये भिंतीलगतचा थर छान आडवा असतो, गाभ्यात दिशा बिघडते. दोन प्रवाह जिथे भेटतात त्या वेल्ड लाइनवर तर पापुद्रे उभे राहतात. इंधनाच्या टाकीसारख्या वस्तूत गेट (साच्यात माल शिरण्याचं तोंड) असा ठेवा की वेल्ड लाइन पातळ भिंतीवर येणार नाही.

लेपात फ्लेक वापरायचे असतील तर

विनाइल एस्टर किंवा एपॉक्सीत काचेचे फ्लेक सगळ्यात शेवटी, मंद वेगाने घाला. बीड मिल किंवा जोरात फिरणारी डिस्क त्यांचा चुरा करते. सिलेनचा (काच आणि रेझिन जोडणाऱ्या रसायनाचा) लेप असलेले फ्लेक घ्या. काच आणि रेझिनच्या सांध्यात पाणी शिरलं की फ्लेकचा पृष्ठभाग अडसर न राहता वाट बनतो.

प्रमाणाला वरची हद्द आहे. लेपातल्या कणांचा आकारमान-अंश एका ठरावीक आकड्यापुढे गेला की फ्लेकमधल्या फटी भरायला रेझिन पुरत नाही. ती हद्द तेल-शोषणातून (पूड भिजवायला किती तेल लागतं त्यावरून) काढता येते: १ ÷ (१ + तेल-शोषण × घनता ÷ ९३.५). तेल-शोषण १०० ग्रॅममागे ५० ग्रॅम असलेल्या अभ्रकासाठी हे ०.४० येतं. आपलं प्रमाण याच्या दोन-तृतीयांशाच्या आत, म्हणजे ०.२७ पर्यंत ठेवा. हद्द ओलांडली की झिरप हळूहळू नाही, एकदम चढते.

फवारणीत मोठी टिप वापरा आणि गन-पंपातल्या जाळ्या काढून ठेवा, नाहीतर फ्लेक तिथेच अडकतात. थापीने लावलेल्या विनाइल एस्टर थरावर, तो ओला असतानाच, स्टायरीनने किंचित भिजवलेला आखूड केसांचा रोलर फिरवला की उभे राहिलेले फ्लेक खवल्यांसारखे एकावर एक बसतात. स्टायरीन जास्त झालं तर वरचा थर मऊ राहतो, म्हणून रोलर ओला असावा, टपकता नको. काचेच्या फ्लेकच्या लेपाची भोकं शोधणारी उच्च व्होल्टेजची स्पार्क चाचणी करता येते. अ‍ॅल्युमिनियम किंवा ग्रॅफाइटच्या फ्लेकवर तिचा भरवसा धरू नका, कारण ते स्वतःच वीज वाहतात.

मोजमाप

ऑक्सिजनसाठी एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची पद्धत डी ३९८५, ठरावीक आर्द्रतेला मोजायचं असेल तर एफ १९२७. पाण्याच्या वाफेसाठी एफ १२४९, किंवा साधन नसेल तर ई ९६ ची कपाची पद्धत. कपाच्या पद्धतीत फिल्म कपाच्या तोंडावर मेणाने बसवून वजनातला बदल मोजतात, आणि सगळा घोटाळा कडेच्या मेणात होतो. एका कपावर फिल्मऐवजी अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून ठेवा. त्याचं वजन वाढलं तर मेण गळतंय.

जाडी नमुन्याच्या किमान पाच ठिकाणी मोजा आणि निकालाला जाडीने गुणूनच तुलना करा. क्ले घातल्यावर फिल्मची जाडी बदलते, आणि जाड फिल्म अर्थातच कमी झिरपते.

घाईने आकडे वाचू नका. वायू पलीकडे पोचायला लागणारा काल-विलंब म्हणजे जाडीचा वर्ग भागिले विसरण गुणांकाची सहापट. १०० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये हा गुणांक सेकंदाला १ चौरस मायक्रॉन असेल तर विलंब २८ मिनिटांचा. फिलरने हा गुणांक निम्मा केला तर विलंब ५६ मिनिटं. विलंबाच्या किमान तिप्पट ते चौपट वेळ थांबल्याशिवाय प्रवाह स्थिर होत नाही. कोऱ्या फिल्मची वेळ तशीच भरलेल्या फिल्मला लावली तर बॅरियर खोटाच चांगला दिसतो.

हाच विलंब दुसऱ्या कामालाही येतो. त्यातून विसरण गुणांक सुटा काढा आणि पार्यतेला त्याने भागा, म्हणजे विद्राव्यता कळते. विसरण घटलं पण विद्राव्यता वाढली, तर अमोनियम क्षार किंवा कंपॅटिबिलायझर वायू धरून ठेवतोय.

निकाल हवा तसा आला नाही तर

आधी सूत्र उलटं फिरवा:

अ = (२ ÷ फ) × [(१ − फ) ÷ झ − १]

आपल्या नायलॉनमध्ये फ ०.०१२३ आणि मोजलेला झ ०.९० असेल तर अ येतो १६. सुट्या पापुद्र्याची रुंदी २०० नॅनोमीटर धरली तर तो २०० असायला हवा होता. आता पाच पापुद्र्यांची थप्पी घ्या, थरांचं अंतर ३ नॅनोमीटर. तिची जाडी १३ नॅनोमीटर, आणि २०० ÷ १३ म्हणजे सुमारे १५. म्हणजे तुमच्या फिल्ममध्ये क्ले सरासरी पाच-पाचच्या थप्प्यांत बसलीय, किंवा पापुद्रे सुटे असूनही दिशा बिघडलीय. यातलं नेमकं काय, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फिल्मचा आडवा छेद पाहिल्यावर कळतं.

थरांमधलं अंतर दाखवणारं एक्स-रे विवर्तन स्वस्त आहे, पण जपून वाचा. तांब्याच्या किरणांवर ३.१५ नॅनोमीटर अंतराचं शिखर २.८ अंशांजवळ दिसतं, १.८५ चं ४.८ जवळ. शिखर डावीकडे सरकलं तर पॉलिमर थरांत शिरलंय. शिखर गायब झालं म्हणजे सगळे पापुद्रे सुटले, असं मात्र नाही. थप्प्या नुसत्या वेड्यावाकड्या झाल्या किंवा क्ले कमी असली तरी ते दिसत नाही. उलट शिखर उजवीकडे, १.३-१.४ नॅनोमीटरकडे गेलं असेल तर अमोनियम क्षार जळाला आणि थर मिटले. तापमान खाली आणा.

फिलर घालूनही झिरप कोऱ्या फिल्मपेक्षा वाढली, तर सूत्र बाजूला ठेवा आणि पोकळ्या किंवा सुईछिद्रं शोधा. घनता मोजा. हिशोबाने येणाऱ्या घनतेपेक्षा ती कमी भरली तर हवा अडकलीय. २० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये १५ मायक्रॉनची एक गुठळीही भोक पाडायला पुरते, म्हणून वितळलेला माल गाळणारा जाळीचा पॅक बारीक हवा.

झिरप अपेक्षेपेक्षा जास्तच घटली, तरी लगेच खूश होऊ नका. क्ले नायलॉनच्या स्फटिकांची घडण बदलते. डीएससीवर (वितळायला लागणारी उष्णता मोजणाऱ्या चाचणीत) स्फटिकी अंश तपासा, त्यातला वाटा कदाचित पापुद्र्यांचा नसेलच. आणि कोरड्या हवेतले आकडे दमट गोदामात लागू पडत नाहीत. नायलॉन पाणी ओढतं, साखळ्या सैल होतात आणि ऑक्सिजनची झिरप वाढते. वापराच्या आर्द्रतेलाच मोजा.

खनिज खरंच किती गेलं, ते राखेवरून कळतं. फक्त ९०० अंशांवर क्ले आपल्या रचनेतलं पाणीही सोडते, म्हणून नुसती क्लेही त्याच भट्टीत जाळून दुरुस्तीचा गुणक काढा. क्ले, टाल्क आणि अभ्रक तोलताना धूळ नाकात जाऊ देऊ नका. त्यात स्फटिकी सिलिका असू शकते.

पाऊच किंवा पिशवीसाठी फिल्म असेल तर सपाट नमुन्यावर थांबू नका. भरलेली फिल्म कडक असते आणि वळवल्यावर पापुद्र्यांच्या कडेपासून चिरते. एएसटीएम एफ ३९२ नुसार पिळून-दाबून झाल्यावर त्याच नमुन्याची झिरप पुन्हा घ्या. घडीवरची झिरप दुप्पट-तिप्पट झाली तर क्लेचं प्रमाण कमी करा, किंवा भरलेला थर दोन मऊ थरांच्या मध्ये ठेवून को-एक्स्ट्रूजन करा.